मांजराला शुगर निघते तेव्हा

मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची जाणीव करून देणारा ग्राहक जिभेवर तयार व्हायला दोन जनुकं लागतात आणि त्यातलं एक मांजरकुळात फार पूर्वीच निकामी झालं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवलं. घरच्या मांजरासोबत त्यांनी वाघ आणि चित्ताही तपासले होते, त्यांच्यातही तेच आढळलं. जबलपूरच्या खव्याच्या जिलबीला मांजर तोंड लावतं ते खव्यातल्या स्निग्धांशासाठी. पाक त्याच्या लेखी नसल्यासारखाच. म्हणून डॉक्टर जेव्हा सांगतात की बोक्याला शुगर निघाली आहे, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो, ‘अहो, पण तो गोड खातो कुठे?’ आणि दुसरा प्रश्न आजोबांच्या गोळ्यांच्या डब्याकडे बघत येतो, ‘यांच्यातलीच अर्धी देऊन बघू का?’

दोन्ही प्रश्न माणसाच्या मधुमेहाच्या अनुभवातून येतात, आणि तो अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचा फायदा मोठा आहे. ज्या घरात कुणी रोज इन्सुलिन टोचून घेतं, तिथे सुईची भीती नसते, शुगर खाली गेली की काय होतं ते माहीत असतं, वेळ पाळण्याची सवय असते. पण हाच अनुभव मांजराला जसाच्या तसा लावला तर जिवावर बेतू शकतं. कुठे लावायचा आणि कुठे थांबायचं, हे निदान झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे, कारण या आजारात सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात.

आधी हा आजार मांजराला होतो कसा ते पाहू. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. जंगलात त्याचं जेवण म्हणजे उंदीर, चिमणी, सरडा. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्ट जवळपास नाहीच. त्यामुळे जेवणानंतर रक्तात आलेली साखर झपाट्याने ओढून घेणारं ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात अगदीच कमी असतं, आणि लाळेत पिष्ट पचवणारं विकर जवळजवळ नसतंच. अशा शरीराला आपण दूध-पोळी, दूध-भात घालतो, किंवा दिवसभर वाटीत कोरडे दाणे भरून ठेवतो. या दाण्यांना आकार देण्यासाठी पिष्ट लागतंच, त्यामुळे बऱ्याच कोरड्या खाद्यांत ते तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. त्यात मांजराची नसबंदी झालेली, बाहेर हुंदडणं बंद झालेलं, वय सात-आठच्या पुढे गेलेलं आणि पोट लोंबायला लागलेलं. वजन वाढलं की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. नसबंदी झालेल्या लठ्ठ बोक्यांना हा धोका सर्वांत जास्त. ब्रिटनमधल्या पाहणीत साधारण सव्वादोनशे-अडीचशे मांजरांमागे एकाला मधुमेह आढळला आहे.

कुत्र्याला होणारा मधुमेह बहुधा माणसाच्या पहिल्या प्रकारासारखा असतो, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. मांजराचा मात्र आपल्या आजोबांसारखा, दुसऱ्या प्रकारचा. हे साम्य फार खोलवर जातं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनबरोबर ॲमिलिन नावाचं आणखी एक संप्रेरक सोडतात. माणसात आणि मांजरात या ॲमिलिनचे तंतू होऊन ते पेशींभोवती साचू शकतात. उंदरात तसं होत नाही. १९८७ साली स्वीडनच्या पेर वेस्टरमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा साचलेला पदार्थ ओळखला, आणि त्यासाठी त्यांनी तपासलेल्या उतींत एक माणसाच्या स्वादुपिंडातली गाठ होती, दुसरी मधुमेही मांजराची. माणसाच्या मधुमेहातला हा दुवा सापडण्यात घरच्या मांजराचाही वाटा आहे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

याच बीटा पेशींचा आणखी एक गुण आपल्या कामाचा आहे. रक्तातली साखर सतत चढलेली राहिली की त्या दमतात आणि जवळपास गप्प होतात. साखर लवकर खाली आणली तर त्यांतल्या बऱ्याच पुन्हा काम करू लागतात. उशीर झाला तर कायमच्या जातात. मांजराच्या मधुमेहाची सगळी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

लक्षणं ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. पाण्याची वाटी पूर्वी दोन दिवस पुरायची, आता संध्याकाळपर्यंत रिकामी होते. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला शंभर मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते नक्की जास्त आहे. वाळूच्या ट्रेमध्ये मोठाले गोळे होतात. भूक वाढते आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागतो. ज्या घरात मांजर मोरीत किंवा अंगणात लघवी करतं, तिथे मुंग्यांची रांग दिसते. मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेतही नोंदलेलं आहे, आणि मांजराच्या बाबतीतही ही जुनी खूण उपयोगी पडते. आणखी एक लक्षण फक्त पाहणाऱ्यालाच कळतं: मांजर नेहमी पंजाच्या बोटांवर चालतं, ते मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतं, ओट्यावर उडी मारताना चुकतं. साखरेने नसांना झालेली ही इजा आहे. साखर आटोक्यात आली की कित्येक मांजरांत ती हळूहळू भरून येते. कुत्र्यांना मधुमेहात मोतीबिंदू होऊन आंधळेपण येतं, मांजरांत ते क्वचित, एवढं एक बरं आहे.

तपासणीसाठी जबलपूरकरांचा मोठा आधार म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं व्हेटर्नरी कॉलेज. १९४८ साली सुरू झालेलं हे कॉलेज १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा भाग होतं, आणि २००९ मध्ये मध्य प्रदेशाचं स्वतंत्र पशुवैद्यकीय विद्यापीठ झालं तेव्हा त्याचं केंद्र इथेच राहिलं. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचं नाव आज या विद्यापीठाला आहे. इथे गाई-म्हशींची परंपरा मोठी, आणि कान्हा, बांधवगड, पेंच अशी जंगलं जवळ असल्याने वन्यप्राण्यांसाठीही वेगळा विभाग आहे. शहरात खाजगी दवाखानेही आहेत. कुठेही गेलात तरी एक प्रश्न विचारायचाच: ही साखर मधुमेहाची की भीतीची?

कारण मांजर घाबरलं की त्याची साखर चढते, तीही थोडीथोडकी नाही. टोपलीत कोंबून ऑटोने आणलेल्या, बाजूला कुत्री भुंकताना ऐकलेल्या अगदी निरोगी मांजराची साखरसुद्धा तीनशेच्या वर जाऊ शकते. माणसाच्या बाबतीत असा आकडा दिसला की आपण लगेच निदान करतो. मांजराच्या बाबतीत एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी असते, ती मागच्या एक-दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. माणसाच्या एचबीए-वन-सीचं काम मांजरात ही करते. ती लगेच होणार नसेल तर दुसरा मार्ग सोपा आहे: घरी, मांजर शांत असताना, लघवीत साखर आहे का ते पट्टीने पाहायचं. रक्तातली साखर साधारण २५० ते २९०च्या वर गेल्याशिवाय मांजराच्या लघवीत ती उतरत नाही, त्यामुळे घरी वारंवार लघवीत साखर सापडली तर तिला भीतीची म्हणता येत नाही. त्याच पट्टीवर कीटोनचा रंगही बघून घ्यावा. कीटोन दिसले, आणि मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, सुस्त पडलं असेल, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा.

आता इन्सुलिन. माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आधी गोळ्या आणि नाइलाज झाला की इन्सुलिन, असा क्रम आपल्या मनात पक्का बसलेला असतो. मांजरात इन्सुलिन बहुधा पहिल्याच दिवशी सुरू करतात, आणि ते आजार हाताबाहेर गेल्याचं लक्षण नव्हे. ‘इन्सुलिनपर्यंत गेलं म्हणजे संपलं’ असं म्हणून उपचार टाळणारे लोक मला भेटले आहेत, आणि ते पाहून जीव तुटतो, कारण वाट पाहण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. जगभर मांजरांसाठी वापरलं जाणारं ग्लार्जिन इन्सुलिन भारतात माणसांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळतं. ते आम्ल द्रावणात असतं. कातडीखाली गेलं की तिथे त्याचे बारीक कण बनतात आणि ते सावकाश विरघळत राहतात. म्हणूनच त्यात पाणी किंवा दुसरं इन्सुलिन मिसळायचं नसतं. मांजराला ते सहसा बारा-बारा तासांनी, दिवसातून दोनदा देतात. सुरुवात एखाद-दुसऱ्या युनिटने होते. नेमका आकडा डॉक्टरच ठरवतील. आजोबांच्या बाटलीतलं तीस-सत्तरचं मिश्र इन्सुलिन यासाठी नाही.

इथे सगळ्यात घातक गफलत सिरिंजची होते, म्हणून त्यावर जरा थांबतो. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. यू-४० म्हणजे एका मिलीत ४० युनिट, यू-१०० म्हणजे एका मिलीत १००. सिरिंजही त्यानुसार दोन: यू-४०ची लाल टोपणाची, यू-१००ची नारिंगी टोपणाची. ग्लार्जिन यू-१०० असतं. ते चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एक युनिटच्या रेघेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. सत्तर किलोच्या माणसाला दीड युनिट जास्त गेलं तर कदाचित जाणवणारही नाही. चार किलोच्या मांजराला त्याने झटके येऊ शकतात. उलट, यू-४० बाटलीतलं औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने दिलं तर निम्म्याहूनही कमी जातं, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढवला जातो. म्हणून दुकानदाराने ‘सगळ्या सारख्याच असतात’ म्हटलं तरी ऐकायचं नाही. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही डोळ्यांनी वाचायचे, आणि घरात माणसाचं आणि मांजराचं इन्सुलिन दोन वेगळ्या डब्यांत ठेवायचं. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली ०.३ मिलीची नारिंगी टोपणाची सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी.

टोचणं त्यामानाने सोपं. खांद्यामागची किंवा कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू होतो, त्याच्या बुडाशी सुई आत घालायची आणि औषध सोडायचं. सुई इतकी बारीक असते की खाण्यात गुंतलेलं बहुतेक मांजर मान वळवतसुद्धा नाही. फर ओलं झालं तर औषध बाहेर सांडलं असं समजायचं, आणि पुन्हा टोचायचं नाही. अर्धं आत गेलं असेल तर दुसरा डोस त्यावर चढतो. एक वेळ कमी गेलेलं चालतं.

जबलपूरच्या उन्हाळ्यात औषध जपणं हेच एक काम आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि दुपारी लाइट जाते. बाटली फ्रीजच्या दारात ठेवावी, फ्रीजरच्या जवळ नको, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. लाइट बराच वेळ गेली तर ती पिशवीत गुंडाळून माठाच्या गारव्यात ठेवता येते. स्वच्छ असणारं ग्लार्जिन गढूळ दिसलं तर फेकून द्यायचं.

इन्सुलिन घेणाऱ्या मांजराचा खरा शत्रू चढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर आहे. दोन दिवस साखर चढलेली राहिली तरी मांजर तग धरतं; साखर साठच्या खाली घसरली तर तासाभरातही अनर्थ होऊ शकतो. लटपटणं, विचित्र ओरडणं, नजर हरवणं, थरथर, मग झटके. मांजर शुद्धीत असेल तर लगेच खायला द्यायचं. खात नसेल तर मध किंवा पाण्यात कालवलेलं ग्लुकोज बोटाने हिरड्यांवर चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि दवाखान्याकडे निघायचं. गोड चव त्याला कळत नसली तरी साखर त्याला वाचवते. मधाची बाटली इन्सुलिनच्या डब्याशेजारीच असावी. आणि एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: मांजराने खाल्लं नाही, किंवा उलटी केली, तर नेहमीचा डोस आपल्या मनाने द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. ‘तू दिलंस का?’ ‘नाही, मला वाटलं आईने दिलं,’ या गोंधळात दोनदा इंजेक्शन जातं. फ्रीजवर कागद लावून देणाऱ्याने वेळ आणि सही टाकली की हा धोका टळतो.

माणसाला मधुमेह झाला की आपण भात कमी कर, उपास कर, एक वेळ जेव असं सांगतो. मांजराला उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात भरून यकृतच निकामी होऊ लागतं. वजन उतरवायचं ते सावकाश, महिनोन्महिने. खाण्यात बदल करायचा तो पिष्ट कमी करण्याचा: दूध-पोळी बंद, कोरडे दाणे हळूहळू कमी, ओलं डबाबंद मांसाहारी खाद्य वाढवायचं. पाकिटावर पिष्टाचा आकडा क्वचितच छापतात, पण तो काढता येतो: प्रथिनं, चरबी, ओलावा, राख आणि तंतू यांची टक्केवारी मिळवून शंभरातून वजा केली की उरतं ते बहुतेक पिष्ट. घरी उकडलेलं चिकन द्यायचं असेल तर नुसतं चिकन पुरत नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे बिघडतात, म्हणून टॉरिन आणि कॅल्शियमची जोड डॉक्टरांना विचारूनच. शाकाहारी घरात हा भाग जड जातो हे मी जाणतो, पण मांजराच्या शरीराला दुसरी वाट नाही. आणखी एक, इन्सुलिन चालू असताना पिष्ट एकदम कमी केलं तर साखर धाडकन उतरते. डोस आणि आहार दोन्ही एकत्र बदलायचे, आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्याने.

मोहल्ल्यात फिरणारं मांजर असेल तर शेजारीही या उपचाराचा भाग होतात. सकाळी आपल्याकडे इंजेक्शन, दुपारी शेजारच्या भाभींकडे वाटीभर दूध, हे चालू राहिलं तर हिशोब जमणार नाही. त्यांना जाऊन नीट सांगायचं, ‘भाभी, इसको शुगर है, दूध मत दीजिएगा’. आपल्याकडे हे वाक्य पटकन समजतं, त्याचा उपयोग करून घ्यावा. शक्य झालं तर निदान पहिले काही महिने त्याला घरातच ठेवावं.

साखर घरी मोजता आली तर उपचाराची दिशा दवाखान्यातल्या एका चाचणीपेक्षा कितीतरी नीट कळते, कारण घरी मांजर घाबरलेलं नसतं. कानाच्या कडेला जी शीर असते, तिच्या शेजारी कोमट फडक्याने शेक देऊन टोचलं की एक थेंब मिळतो. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं, कारण मांजराच्या रक्तात बहुतेक सगळी साखर लाल पेशींऐवजी द्रवात असते आणि यंत्राचं गणित माणसाच्या रक्ताचं. तरीही रोज एकच यंत्र वापरलं तर चढ-उतार कळतात. डॉक्टरांना यंत्राचं नाव सांगून ठेवावं. कातडीवर चिकटवून दोन आठवडे साखर मोजणारे सेन्सर आता माणसांसाठी मिळतात, तेही मांजरांवर वापरले जातात.

आजोबांच्या डब्यातल्या गोळ्यांबद्दल आता सरळ उत्तर. ग्लिमेपिराइड दमलेल्या स्वादुपिंडाला आणखी राबवतं आणि साखर अनिश्चितपणे खाली ओढतं. मेटफॉर्मिन मांजरात फारसं चालत नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांच्या कुळातलं बेक्साग्लिफ्लोझिन अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन २०२३ मध्ये खास मांजरांसाठी मंजूर झालं, ही खरोखर मोठी सोय आहे. पण ती निवडक मांजरांसाठी, इन्सुलिन अजून सुरू न झालेल्यांसाठी, आणि साखर बरी दिसत असतानाही कीटोन वाढण्याचा धोका सांभाळून. माणसाची डापाग्लिफ्लोझिनची गोळी तोडून देणं म्हणजे ते नव्हे. आणि डब्यातली पॅरासिटामॉल तर तापाच्या नावाखालीही नाही. मांजराला ती विषच.

आता आशेची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या जॅकी रँड यांच्या कामातून ग्लार्जिन, पिष्ट कमी असलेला आहार आणि घरी वारंवार मोजलेली साखर यांची सांगड पुढे आली. २००९ साली कर्स्टन रूम्प यांच्यासोबत त्यांनी छापलेल्या अभ्यासात, निदानापासून सहा महिन्यांच्या आत हा कडक उपचार सुरू झालेल्या मांजरांपैकी ८४ टक्के इन्सुलिनमुक्त झाली. सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांत ३५ टक्के. त्यांच्याकडची माणसं दिवसातून अनेकदा साखर मोजणारी होती, म्हणून प्रत्येक घरात एवढं यश मिळेलच असं नाही, आणि इतर अभ्यासांतले आकडे बरेच कमी आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. डोस दिवसेंदिवस कमी होत जातो, एक दिवस अर्ध्या युनिटवर येतो, मग तेही लागत नाही. माणसाला आयुष्यभर पुरणारा हा आजार मांजराला कधी कधी सोडून जातो.

सुटका झाली नाही तरीही मांजर दोन वेळच्या इंजेक्शनवर वर्षानुवर्षं खेळत, झोपत, मांडीवर बसत जगू शकतं. डोस वाढवत नेला तरी साखर हलत नसेल तर मात्र दुसरं कारण शोधायला सांगावं: दातांतला पू, लघवीतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, किंवा मेंदूखालच्या ग्रंथीतून वाढणारं वाढ-संप्रेरक. ब्रिटनमध्ये मधुमेही मांजरांत जवळपास चौघांत एकाला हे शेवटचं कारण असू शकतं असं दिसलं आहे.

इन्सुलिन सुटलं तरी पिष्ट परत सुरू करायचं नाही, वजन महिन्याला एकदा मोजायचं आणि आठवड्यातून एकदा लघवी तपासायची, कारण सुटलेल्या मांजरांपैकी काहींचा मधुमेह पुन्हा उलटतो, आणि लवकर ओळखला तर पुन्हा आवरता येतो. कातडीच्या खाजेसाठी किंवा दम्यासाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं, तर सुई भरण्याआधीच सांगायचं की याला शुगर होती. स्टेरॉइडने ती परत येऊ शकते, आणि नव्या डॉक्टरांकडे जुना कागद नसेल तर हे सांगणारं आपल्याशिवाय कुणी नसतं.